मेंदी घरीच भिजवा



मंगळागौर, हरितालिका जवळ आल्या की लष्करच्या बाजारात मेंदीचे कोन दिसू लागतात. त्यांतली ‘काळी मेंदी’ मुलींच्या हाताला लावू नका. मेंदीचा स्वतःचा रंग केशरी ते गडद तपकिरी असतो. झटपट येणारा काळा रंग बहुधा केसांच्या कलपातील पीपीडी या रसायनाचा असतो. त्याने फोड येतात आणि एकदा जडलेली ॲलर्जी जन्मभर राहू शकते.

राजस्थानातील सोजतची मेंदी प्रसिद्ध आहे. १०० ग्रॅम ताजी पूड मलमलीतून चाळा, लिंबाच्या रसात दह्यासारखी दाट कालवा, २ चमचे साखर घाला आणि ८-१० तास झाकून ठेवा. काढल्यावर ४-६ तासांनी वाळलेली मेंदी खरवडा. लगेच पाणी लावू नका. आधी केशरी दिसेल, दोन दिवसांत रंग चढेल. सणाच्या दोन दिवस आधीच काढा.