जाणून घेऊ : विमान म्हातारं कसं होतं?

हाताशी पक्कड नसली की आपण तार कशी तोडतो? एकाच जागी इकडून तिकडे वाकवत राहतो. ती जागा गरम लागते, बारीक चीर पडते आणि तुकडा हातात येतो. एकाही हिसक्यात तार तुटण्याएवढा जोर नव्हता. प्रत्येक वाक आत साठत गेला. हाच धातूचा थकवा.

उड्डाणात विमानाचे पंखही असेच वाकत राहतात, म्हणून लढाऊ विमानाचं वय वर्षांपेक्षा उड्डाणाच्या तासांत मोजतात. जमिनीवर मारा करणारं विमान तर खालून उडतं. तिथली हवा दाट, त्यात तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत. खड्ड्यांतून धावणारी एसटी आणि समृद्धी महामार्गावरची मोटार, किलोमीटर सारखे असले तरी पाटे सारखे झिजत नाहीत!

अशाच कामाच्या, ओझरला बांधलेल्या मिग-२७ विमानांनी २७ डिसेंबर २०१९ला जोधपूरहून शेवटची झेप घेतली. आता वाद जमिनीवर मारा करणाऱ्याच जग्वार विमानांच्या निवृत्तीचा आहे. १९७९मध्ये ती आपल्याकडे आली. फ्रान्सनं २००५मध्ये, ब्रिटननं २००७मध्ये ती निवृत्त केली. आपण त्यांत नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली, पण इंजिन जुन्याच घराण्यातलं. आपल्याकडच्या मे महिन्यात हवा तापून विरळ होते, इंजिनाला घोटभर कमीच मिळते आणि जोर घटतो. नवं इंजिन बसवण्याची योजना खर्चापायी मागे पडली.

वायुदलाला विमानांची चणचण आहे, हे खरं. तरी माझा कौल निवृत्तीकडेच: चीर डोळ्यांना दिसण्याआधी वाढू लागते, आणि आत वैमानिक बसलेला असतो.