मेंदूच्या लहरी वाचायला शिकताना
नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि पुणे रस्त्यांच्या गोंगाटातून एकच हाक ओळखावी, तसं ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीच्या, अभ्यासकाचं काम असतं. नव्या संशोधकांनी शिकायच्या गोष्टी :

• पसारा : ६४ इलेक्ट्रोड, प्रत्येकी सेकंदाला ५०० नोंदी; म्हणजे मिनिटाला १९,२०,००० आकडे.

• गाळणी : पापण्यांची उघडझाप, स्नायूंची हालचाल, विजेच्या तारांची ५० हर्ट्‌झची घरघर वेगळी काढणं.

• सरासरी : तोच आवाज १०० वेळा ऐकवून सरासरी काढली, की विस्कळीत गोंगाट दहाव्या हिश्श्यावर येतो.

• सावधगिरी : ६४ ठिकाणी ५ टक्क्यांच्या निकषाने चाचणी केली, तर निव्वळ योगायोगानेही सुमारे ३ ‘शोध’ लागू शकतात. म्हणून सांख्यिकी दुरुस्ती हवीच.

• साधनं : ‘आर’ (सांख्यिकीची संगणकभाषा) आणि ‘एमएनई-पायथन’ (ईईजी-विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) मोफत आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मधून ‘आर’ घरबसल्या शिकता येतं.