लाकडी सोप्रानो रेकॉर्डरची निवड

रेकॉर्डर हा शब्द कानावर पडताच आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आवाज टिपून ठेवणारे यंत्र उभे राहते. येथे ज्याचा विचार करावयाचा आहे तो रेकॉर्डर त्या यंत्राहून कित्येक शतकांनी वडील आहे. ती युरोपातील एक लाकडी बासरी होय. जुन्या इंग्रजीत 'रेकॉर्ड' या क्रियापदाचा एक अर्थ सूर घोकणे, पक्ष्याने गुणगुणणे असा होता. त्यावरून हे नाव पडले असे मानतात. जर्मन लोक तिला 'ठोकळ्याची बासरी' म्हणतात आणि फ्रेंच लोक 'चोचीची बासरी'. जत्रेत मिळणारे अलगूज ज्याने लहानपणी वाजविले असेल, त्याला ही दोन्ही नावे चटकन उमगतील. आडव्या बासरीत सूर निघण्यासाठी ओठांचा कोन साधावा लागतो आणि त्यात नवशिक्याचे कित्येक दिवस जातात. अलगुजात किंवा रेकॉर्डरात तोंडाशी बसविलेला ठोकळाच वाऱ्याला वाट दाखवितो. फुंकर घातली की सूर निघतो.

या सोयीमुळेच युरोपातील शाळांनी हे वाद्य मुलांच्या हाती दिले, आणि पाश्चात्त्य संगीत शिकविणाऱ्या आपल्याकडील काही शाळांतूनही ते दिसते. पण फुंकताच सूर निघतो म्हणून कोणतेही वाद्य चालेल, असा समज त्यातूनच फैलावला आहे. पालक दुकानात जातात, चकचकीत लाकूड पाहतात, किंमत विचारतात आणि डबी घेऊन घरी येतात. पुढे मुलाचा एखादा सूर सदैव उतरलेला लागतो, वरचे सूर किंचाळतात, आणि काही महिन्यांत घरात असा निर्णय होतो की याला संगीताचा कान नाही. कान ठीक असतो, दोष वाद्यात असतो. म्हणून निवड कशी करावी हे जरा तपशिलाने पाहिले पाहिजे. आमचे सांगणे थोडक्यात असे, की आधी बोटांची पद्धत पाहावी, मग सूर, मग फुंकरीला मिळणारा प्रतिसाद, आणि सर्वांत शेवटी लाकडाची जात व रंग. बाजारात बहुधा हा क्रम उलटा होतो.

प्रथम या वाद्याची थोडी ओळख. रेकॉर्डरचे एक कुटुंबच आहे. त्यात सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास ही चार मुख्य भावंडे. सोप्रानो सुमारे ३२-३३ सेंटिमीटर लांब, म्हणजे जवळजवळ एका पट्टीएवढा असतो. त्याचा सर्वांत खालचा सूर पियानोच्या मधल्या 'सी'च्या एक सप्तक वरचा 'सी'. तेथून दोन सप्तके आणि थोडे अधिक एवढा त्याचा पल्ला. पुढे सात भोके आणि मागे अंगठ्यासाठी एक. अंगठ्याचे भोक किंचित उघडे ठेवले की वरच्या सप्तकात जाता येते.

हे वाद्य मुलांचे खेळणे आहे असे मात्र कोणी समजू नये. इंग्लंडचा आठवा हेन्री वारला तेव्हा १५४७ साली त्याच्या चीजवस्तूंची यादी करण्यात आली. तीत ७६ रेकॉर्डर होते. हॉलंडमधील उत्रेख्त शहरात याकोब फान आइक नावाचा एक अंध घंटावादक होता. १६४९ साली तेथील चर्चने त्याचे मानधन वाढविले ते या अटीवर, की संध्याकाळी चर्चच्या आवारात फिरावयास येणाऱ्या लोकांना त्याने अधूनमधून आपल्या लहानशा बासरीने रिझवावे. त्याने रचलेली शंभरांहून अधिक वादने आजही सोप्रानो वाजविणाऱ्यांच्या नित्याच्या सरावात आहेत. लंडनमध्ये रोजनिशीकार सॅम्युएल पेपिस १६६८ च्या फेब्रुवारीत एका नाटकातील सुषिर वाद्यांचे संगीत ऐकून इतका भारावला, की एप्रिलमध्ये कारागिराकडे जाऊन त्याने स्वतःसाठी एक रेकॉर्डर विकत घेतला. पेपिस पेशाने आरमाराच्या कचेरीतील अधिकारी होता. हौशी वादकांची परंपरा एवढी जुनी आहे.

पुढे अठराव्या शतकात वाद्यवृंद मोठे झाले, आडवी बासरी अधिक दमदार ठरली आणि रेकॉर्डर मागे पडला. त्याचे पुनरुज्जीवन विसाव्या शतकात झाले. १९१९ साली इंग्लंडमधील वाद्यकार आर्नोल्ड डोल्मेच यांची एक पिशवी लंडनच्या वॉटर्लू स्थानकावर हरवली आणि तिच्यात असलेला त्यांचा जुना अस्सल रेकॉर्डरही गेला. तेव्हा त्यांनी स्वतःच नवा घडविण्यास घेतला. १९२५ साली हॅझलमिअर या गावी त्यांनी प्राचीन संगीताचा उत्सव सुरू केला. त्या उत्सवाला जर्मनीहून पेटर हार्लान नावाचे एक वाद्यव्यावसायिक आले होते, आणि आपल्या निवडीतील पहिला व सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्यांच्यापासूनच उद्भवतो.

तो प्रश्न बोटांच्या पद्धतीचा. जुन्या, म्हणजे 'बरोक' पद्धतीच्या रेकॉर्डरवर 'एफ' हा सूर काढताना उजव्या हाताचे मधले बोट उचलून त्याच्या अलीकडची-पलीकडची भोके झाकावी लागतात. नवशिक्याला हे अडचणीचे वाटते. हार्लान यांनी भोकांचे आकार बदलून हा सूर सरळ केला. खालून एकेक बोट उचलीत गेले की सप्तक पूर्ण. ही 'जर्मन' पद्धत. दिसावयास ती मोठी सोयीची आहे. पण एकाच नळीवर एका सुराची सोय केली की दुसऱ्याची गैरसोय होते. 'एफ' सोपा झाला आणि त्याच्या शेजारचा 'एफ शार्प' बिघडला. तो आता आडवळणाच्या बोटांनी काढावा लागतो आणि तरीही पुष्कळदा पुरता सुरात येत नाही.

पेटीच्या भाषेत सांगावयाचे तर पांढरी एक हा षड्ज धरल्यास 'एफ' म्हणजे शुद्ध मध्यम आणि 'एफ शार्प' म्हणजे तीव्र मध्यम. जर्मन पद्धतीच्या वाद्यावर बिलावलाचे सप्तक पहिल्याच आठवड्यात वाजते, पण कल्याणाचे नाव काढले की गाडी अडते. पांढरी पाच षड्ज धरा, तोच सूर शुद्ध निषाद होतो. पांढरी दोन धरा, शुद्ध गंधार होतो. युरोपातील शालेय पुस्तकांतून मुलांना प्रथम डाव्या हाताचे जी, ए, बी हे सूर शिकवितात. त्यामुळे 'जी'च्या स्वरावलीतील गाणी लवकरच येतात आणि त्यांच्यापाठोपाठ 'एफ शार्प'ही येतो. म्हणजे जी सवलत मिळाली ती थोडक्या दिवसांची आणि तिची किंमत मात्र पुढे सतत मोजावयाची. शिवाय एकदा बसलेली बोटे मोडून नवी बसविणे किती जड जाते, हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे. आमचे मत स्पष्ट आहे: शिक्षकांनी वर्गासाठी जर्मन पद्धतच ठरविली नसेल तर बरोक पद्धतीचाच रेकॉर्डर घ्यावा.

दोहोंतील फरक डोळ्यांनी ओळखता येतो. पुढची भोके वरून मोजावीत. पाचवे भोक चौथ्यापेक्षा लहान असेल तर वाद्य जर्मन पद्धतीचे, आणि चौथे पाचव्यापेक्षा लहान असेल तर बरोक पद्धतीचे. पुष्कळदा वाद्याच्या मागे तसे अक्षरही कोरलेले असते. त्याच वेळी खालची दोन भोके जोडीची आहेत की नाहीत तेही पाहावे. तेथे एका भोकाऐवजी दोन लहान भोके शेजारी शेजारी असली, तर खालचे दोन कोमल-तीव्र सूर स्वच्छ निघतात. तळाचा भाग फिरविता येणारा असला तर लहान करंगळीलाही शेवटचे भोक गाठता येते.

आता सुराकडे वळू. आज सर्वसाधारण पाश्चात्त्य वादनात 'ए' म्हणजे सेकंदाला ४४० कंपने असे मानतात. जुन्या संगीताच्या अभ्यासकांसाठी ४१५ कंपनांचे रेकॉर्डरही बनतात; ते सुमारे अर्ध्या सुराने खाली असतात. विद्यार्थ्याने ४४० चाच घ्यावा, नाही तर पियानोबरोबर किंवा वर्गमित्रांबरोबर त्याचे जुळावयाचे नाही. दुकानात सूर दाखविणारे यंत्र सोबत असावे, आणि शक्य तर शिक्षकही. प्रथम सर्वांत खालचा सूर अगदी हलक्या फुंकरीने वाजवून पाहावा. तो न फुटता, न घसरता उभा राहिला पाहिजे. मग एकच सूर खालच्या व वरच्या सप्तकात आळीपाळीने वाजवावा आणि जुळणी कानाने व यंत्राने तपासावी. त्यानंतर वरचे ए, बी आणि सी. ते फार जोर न लावता निघावेत. शेवटी 'एफ शार्प' आणि 'बी फ्लॅट'. या वाद्यात जोराने फुंकले की सूर चढतो आणि मंद फुंकले की उतरतो. म्हणून सारी परीक्षा एकसारख्या फुंकरीने व्हावी, आणि वाजविणाऱ्याबरोबर ऐकणाराही थोडा दूर उभा असावा. वाजविणाऱ्याच्या कानाशी जे गोड लागते ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला तसेच लागते असे नाही.

एवढे झाल्यावर मग लाकूड. मेपल आणि नाशपती ही मऊ, हलकी व तुलनेने स्वस्त लाकडे. विद्यार्थ्यांचे रेकॉर्डर बहुधा यांचेच असतात आणि ओल शोषू नये म्हणून पुष्कळदा त्यांत मेण जिरविलेले असते. बॉक्सवूड, ऑलिव्ह ही त्यांहून घट्ट. शिसवाच्या कुळातील लाकडे आणि आफ्रिकेतील काळे ग्रेनाडिला ही आणखी जड व महाग. सर्वसाधारणपणे मऊ लाकडाचा आवाज सौम्य आणि कठीण लाकडाचा तेजस्वी, असे वादक सांगतात. पण यात लाकडाचा वाटा किती आणि घडणीचा किती, हे तपासून पाहण्याजोगे आहे. या वाद्यात कंप पावते ती आतील हवा. अमेरिकन संशोधक जॉन कोल्टमन यांनी चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या, आतून सारख्या मापाच्या बासऱ्या पडद्याआड वाजवून घेतल्या. त्यांचा निष्कर्ष १९७१ साली प्रसिद्ध झाला. ऐकणाऱ्यांना, त्यांत संगीतज्ञही होते, कोणती बासरी कशाची हे ओळखता आले नाही. आवाज ठरतो तो नळीच्या आतील आकारावर, वाऱ्याच्या वाटेच्या मापावर आणि ज्या धारेवर वारा आपटतो तिच्या रेखीवपणावर. घट्ट लाकडावर ही कातीव कामे अधिक नेमकी होतात आणि अधिक काळ टिकतात, हा त्याचा खरा लाभ. म्हणून वाद्य हाती घेतल्यावर उजेडाकडे धरून तोंडाकडून आत पाहावे: वाऱ्याची वाट स्वच्छ, कडा सरळ, लाकडाचा एकही तंतू सुटलेला नाही ना? धारेला मात्र बोट लावू नये.

शिसवाचे वाद्य घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१७ साली शिसवाच्या सबंध कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने आली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यांतून सूट देण्यात आली, ती ब्राझीलमधील एक दुर्मिळ जात वगळून. पहिल्या रेकॉर्डरसाठी या लाकडाचा हट्ट धरण्याचे काही कारण नाही.

मग प्लॅस्टिकचे काय? चांगल्या साच्यात घडविलेला प्लॅस्टिकचा रेकॉर्डर सुराला बिनचूक असू शकतो, पाण्याने धुता येतो आणि दमट हवेत फुगत नाही. त्याच किमतीच्या ओबडधोबड लाकडी वाद्यापेक्षा तो निश्चित बरा. ज्यांची ऐपत बेताची आहे किंवा मूल अजून लहान व धांदरट आहे, त्यांनी निःसंकोचपणे तो घ्यावा. लाकडी रेकॉर्डर सांभाळावा लागतो, आणि तो सांभाळ वादकाला स्वतःच करता आला पाहिजे. त्याच्या तोंडातील ठोकळा बहुधा पेन्सिलींसाठी वापरतात त्या सुवासिक सीडरचा असतो. तो श्वासातील ओल शोषून घेतो, म्हणूनच आवाज घोगरा होण्यास वेळ लागतो. पण ओल फार झाली तर तोच फुगतो आणि वाऱ्याची वाट कोंडते. यासाठी नवे वाद्य पहिल्या आठवड्यात रोज दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वाजवू नये, आणि पुढे तीन-चार आठवड्यांत हळूहळू वेळ वाढवावी. वाजविण्यापूर्वी वरचा भाग हाताच्या उबेत धरावा. वाजवून झाल्यावर आतून कापडाने पुसून उघड्यावर वाळू द्यावे. पावसाळ्यात ओले वाद्य तसेच डबीत बंद केले तर बुरशीच येणार. मेण जिरविलेले नसेल तर अधूनमधून आतून तेलाचा हात फिरवावा, पण ठोकळ्याला तेल लागू देऊ नये. उन्हात किंवा बंद मोटारीत तर ते कधीच ठेवू नये, लाकूड तडकते.

इतके सारे ऐकून कोणी म्हणेल की एवढ्याशा बासरीसाठी हा केवढा खटाटोप! आम्हांला तसे वाटत नाही. मुलाच्या हाती येणारे पहिले वाद्य हाच त्याचा पहिला शिक्षक असतो. घरी रोज, शिक्षक नसताना, खरा सूर कोणता हे ते वाद्यच त्याला सांगत असते. ते खोटे सांगू लागले तर मूल खोट्यालाच खरे मानील, किंवा स्वतःला बेसूर समजून वाद्य खाली ठेवील. अर्धा तास दुकानात उभे राहून, बोटांची पद्धत विचारून आणि खालचा-वरचा सूर ऐकून घेतलेला साधा मेपलचा रेकॉर्डर हे संकट टाळू शकतो, आणि एवढे करणे कोणत्याही पालकाच्या आवाक्यात आहे.