पोरं ठेवायची कुठे?

परळच्या एका चाळीत तळमजल्यावर मंडळाची खोली आहे. सकाळी तिचं कुलूप निघतं ते अंगणवाडीसाठी. मदतनीस बाई कॅरम बोर्ड भिंतीला टेकवतात, ढोल कोपऱ्यात सारतात, सतरंजी झटकून अंथरतात आणि खिळ्याला फळांचा तक्ता अडकवतात. दुपारी तो पुन्हा उतरतो, कारण संध्याकाळी खोली मंडळाची. गणपती जवळ आले की सामान येऊन पडतं आणि वर्ग कुणाच्या तरी घरात, नाहीतर कॉमन पॅसेजमध्ये भरतो.

तोवर अंगणवाडीच्या ताई दारोदार हाका मारत पोरं गोळा करून येतात. वजनमापाचा दिवस असला की आधी दंडघेर. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध पट्टी गुंडाळायची. 11.5 सेंटिमीटरच्या आत भरलं तर लाल, 12.5 पर्यंत पिवळं, त्यापुढे हिरवं. मुलानं हात आखडला तर माप चुकतं, म्हणून ताई त्याच्याशी मांजरीच्या गप्पा मारत राहतात आणि हात सैल सुटला की पट्टी वाचतात. आकडा वहीत जातो, मग मोबाईलवर पोषण ट्रॅकरमध्ये. लसीकरण, खिचडीचं वाटप, गरोदर बायकांच्या भेटी याच दोन बायांकडे. गाणी-गोष्टी, रंग, मोजणी यांना उरलेला वेळ मिळतो. त्या वेळातही ताई तिशीतल्या उत्साहानं नाचतात, पण शिकवण्याला उरलेला वेळ देणं ही व्यवस्थेची चूक आहे.

वस्तीत जाऊन लहान मुलांना शिकवण्याची वाट या शहराला नवी नाही. ताराबाई मोडकांनी 1936 साली दादरला शिशुविहार सुरू केला. पुढे 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि बालवाडीत न येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी वस्तीतच शाळा नेली, तीच अंगणवाडी. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळालं. मुंबईत नव्वदच्या दशकाच्या मध्यात ‘प्रथम’ या संस्थेनं इमारतीची वाट न बघता वस्तीतलीच शिकलेली मुलगी आणि मिळेल ती खोली घेऊन बालवाड्या उभ्या केल्या. भराभर पसरायला तो मार्ग उत्तम होता. पण उसन्या खोलीत व्यवस्था रुजत नाही. खोलीमालकानं जागा परत मागितली की मुलं रस्त्यावर.

त्याहून अवघड प्रश्न घड्याळाचा. अंगणवाडी दुपारीच सुटते. आई मात्र चार घरची धुणीभांडी, पोळ्या, किंवा मॉलमधली साफसफाई आटपून संध्याकाळी परतते. मधले तास आजी, शेजारीण, नाहीतर शाळा बुडवून घरी थांबलेली थोरली बहीण सांभाळते. कारखान्यात 30 हून अधिक स्त्रिया असतील तर पाळणाघर हवंच, असं जुना कारखाने कायदा सांगत असे. 2017 पासून 50 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांनाही ते सक्तीचं झालं. घरकाम करणाऱ्या बाईला यातलं काहीच लागू होत नाही, कारण तिची आस्थापना म्हणजे पाचव्या मजल्यावरचं स्वयंपाकघर.

म्हणून मला वाटतं, अंगणवाडी आणि पाळणाघर एकाच छताखाली, संध्याकाळपर्यंत चालावं. शिकवणारी वेगळी, मोजमापं-नोंदी करणारी वेगळी असावी, आणि दोघींना मानधन नव्हे, पगार मिळावा. यासाठी पहिली गरज जागेची आहे, आणि जागेची संधी आत्ता दारात उभी आहे. नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे आणि लालबाग-गिरगावातल्या जुन्या इमारतींत पुनर्विकासाचे नकाशे फिरताहेत. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत बालवाडीची जागा धरलेली असते, पण चाळकऱ्यांच्या सभांत चर्चा चालते ती कार्पेट एरिया आणि पार्किंगची.

तुमच्या इमारतीचा नकाशा सभेपुढे येईल तेव्हा सही करण्याआधी विचारा: तळमजल्यावर, छोटी संडास-मोरी असलेली, मुलांची खोली कुठे आहे? आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.