पद्मिनीचे टायमिंग

सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. त्यांच्या पश्चात याच कंपनीची ‘पद्मिनी’ पेढीवाल्यांच्या दारी दिसू लागली. काही घरांत ती अजूनही जपून ठेवलेली असते.

माहूरगडाच्या चढावर अशी गाडी धापा टाकू लागली, मागे निळसर धूर सोडू लागली, की पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शंका घ्यावी. १०८९ सीसीचे हे साधे इंजिन अंगणातही पुन्हा बांधता येते; सिलिंडरचे बोअरिंग तेवढे कारखान्यातून करून आणावे.

खरी कसोटी टायमिंगची. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदाच फिरतो. त्यामुळे पहिला पिस्टन माथ्यावर दोनदा येतो : एकदा पेट्रोलमिश्रित हवा दाबत, एकदा जळका वायू बाहेर ढकलत. ठिणगी हवी ती पहिल्या खेपेस. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून क्रँक हाताने फिरवावा. आतील दाब अंगठ्याला जाणवला, की ती खेप ओळखावी. मग पुस्तिकेतील खुणेवर क्रँक थांबवून, इग्निशन चालू करून, पॉइंटला दिवा जोडावा. डिस्ट्रिब्यूटर सावकाश फिरवताना पॉइंट उघडून दिवा लागेल, तेथेच तो आवळावा. प्लगच्या तारांचा क्रम १-३-४-२.

येथे खेप चुकली, तर नव्या रिंगा, नवी बेअरिंगे, सारा खर्च जागच्या जागी आणि इंजिन मात्र मुके. रक्कम बरोबर, तारीख चुकीची, अशा धनादेशासारखे. तेव्हा घाबरून इंजिन पुन्हा खोलू नये. डिस्ट्रिब्यूटर काढून, रोटर अर्धा फेरा वळवून बसवून पाहावा.