दोन बोटांत बसणारी गाणी

भजनी मंडळात गाणाऱ्या पुष्कळ असतात, टाळ असतात, पेटीही असते. पण पेटी वाजवणारे भाऊ गावात एखादेच. ते आले नाहीत की पेटी बंद. आले तर पट्टी बहुतेकदा त्यांच्या गळ्याची. पुरुषांना काळी एक, पांढरी दोन सोयीची पडते. बायकांचा गळा साधारण पांढरी पाच ते काळी पाच यांच्यात बसतो. परक्या पट्टीत खाली आवाज निघत नाही आणि वर चढलं की ओरडावं लागतं. मग बाई म्हणते, 'मला गाताच येत नाही.' तिचा गळा चांगला असतो, पट्टी चुकलेली असते.

म्हणून आज आम्ही सोपी साथ सांगणार आहोत.

गिटारवर साथ करणारे बहुतेक वेळा पूर्ण चाल वाजवत नाहीत. दोन-तीन सूर एकदम धरतात, त्याला कॉर्ड म्हणतात. चाल गाणाऱ्याच्या गळ्यात असते. पेटीवरही हे जमतं. पांढरी पाचला सा माना. तिच्यावर अंगठा ठेवा. तीच पहिली धरून उजवीकडे पाच पांढऱ्या पट्ट्या मोजा आणि पाचवीवर करंगळी ठेवा. ही झाली सा-प जोडी. डाव्या हाताने भाता सावकाश चालू ठेवा. आता हात तसाच ठेवून अंगठा म वर न्या, म आणि वरचा सा मिळेल. अंगठा प वर न्या, प आणि वरचा रे मिळेल. तिन्ही जागी हाताचं माप एकच आणि काळी पट्टी एकही नाही.

यात ग मुद्दाम सोडला आहे. ज्या गाण्यात ग कोमल आहे तिथे शुद्ध ग धरला तर कानाला खटकतं. सा-प जोडी दोन्ही प्रकारच्या गाण्यांना चालते. मालकंसासारख्या रागातल्या गाण्यात पंचम नसतो, तिथे सा-म धरा.

आता गाणी कशी शोधायची? सा-प धरून गाणं नुसतं गुणगुणा. शेवटपर्यंत गोड वाटलं, तर एका जोडीचं गाणं सापडलं. मध्येच कुठे खटकलं, तर त्या जागी म-सा किंवा प-रे धरून पाहा. तिन्हींनी भागलं नाही तर ते गाणं सध्या बाजूला ठेवा. नाट्यगीतं, तानांच्या लावण्या नंतर बघू. चाल लहान, चढ-उतार कमी आणि ओळी परत परत येणाऱ्या, अशी गाणी आधी घ्या. आरत्या, भोंडल्याची गाणी आणि सगळ्यात सोप्या ओव्या.

ओव्यांचा ठेवा तर केवढा मोठा! पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर खेडोपाडीच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढ्या ओव्यांना तेवढ्या चाली लागत नाहीत. एकाच चालीवर कितीतरी ओव्या म्हणता येतात. म्हणजे एक चाल आणि एक जोडी बसली की आजीपासून चालत आलेल्या सगळ्या ओव्या पेटीवर आल्या. नवी ओवी रचली तरी साथ तयारच.

पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीने घरातल्या मोठ्या बाईकडून एक ओवी चालीसकट शिकून यावं. सगळ्यांनी ती पांढरी पाचमध्ये म्हणून पाहावी. उंच वाटली तर अंगठा पांढरी तीन किंवा चारवर ठेवून पाहा, खाली वाटली तर पांढरी सहावर. माप तेच, पाचवी पांढरी. आणि पेटीवर एकीला नाही, निदान दोघींना बसवा. एक माहेरी गेली तरी भजन थांबायला नको.