शनिवार, सकाळी नऊ

नऊला दहा मिनिटं कमी आहेत. लंडनमधलं बुशी पार्क, हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याशेजारचं. जून असला तरी गवत ओलंच आहे. पलीकडे हरणांचा कळप चरतो आहे. एवढी माणसं जमताहेत, पण एकही हरीण मान वर करत नाही. त्यांना सवय आहे.

माणसं येतच राहतात. कुणी सायकलवरून, कुणी बाबागाडी ढकलत. एक आजोबा झाडाला हात टेकून पोटऱ्या ताणताहेत. दोन मुलींच्या जांभया अजून संपलेल्या नाहीत. प्रवेश फी नाही. छातीवर टाचायचा नंबर नाही. एकदा नाव नोंदवून बारकोड मिळवला की तो कायमचा, जगात जिथे जिथे ही शनिवारची धाव होते तिथे तोच चालतो.

भडक रंगाचं जाकीट घातलेल्या बाई लाउडस्पीकरवरून सांगताहेत. कुत्रा एकच, आखूड पट्ट्याने धरलेला. हरणांपासून लांब राहा. पहिल्यांदा कोण आलंय? हात वर होतात, टाळ्या पडतात. कुणाची आज शंभरावी धाव. पुन्हा टाळ्या. मग स्वयंसेवकांसाठी, आणि या जरा जास्तच वेळ चालतात.

नऊ वाजतात. पुढचे सुसाट सुटलेत, मागचे अजून गप्पा मारत रेषेपर्यंत सरकताहेत. हजाराच्या वर माणसं, वेळ लागणारच. 2004च्या ऑक्टोबरात इथेच पहिल्यांदा धावले ते 13 जण. तेव्हा पोहोचल्यावर हातात क्रमांकाचं टोकन म्हणून लोखंडी वायसर मिळायचा, हार्डवेअरच्या दुकानातला.

गर्दीच्या पार शेवटी एक स्वयंसेवक रमतगमत चालतो आहे. त्याला सर्वांत शेवटी पोहोचायचं आहे, एवढंच त्याचं काम. त्यामुळे दुसरं कुणीच शेवटचं ठरत नाही. सगळ्या व्यवस्थेत मला हीच युक्ती सर्वांत शहाणी वाटते.

अंतर पाच किलोमीटर. सोळाएक मिनिटांत पहिले पोहोचतात, एकेकटे, कुणाशी न बोलता. पंचवीस मिनिटं उलटली की लोंढा येतो. दोरीच्या बोळातून पुढे सरकायचं, टोकन घ्यायचं, बारकोड दाखवायला रांगेत उभं राहायचं. आता ऊन चढलंय. पाठी भिजल्यात, टीशर्टातून वाफ निघतेय. धावताना श्वास पुरत नव्हता, त्यामुळे बोलणं राहिलेलं. ते सगळं इथे होतं. गुडघ्याचं दुखणं. मुलाची परीक्षा. घराचं भाडं. अनोळखी माणूस अनोळखी माणसाला बाटलीतलं पाणी देतो. रांग लांबते, कुणाची तक्रार नाही.

मागून चक्क मराठी ऐकू येतं.

‘अगं, मोबाइल गाडीतच राहिला. बारकोड त्यात आहे.’

‘तरी मी निघताना विचारलं होतं!’

बारकोड नाही, तर निकालात नाव नाही. टोकन मुकाट्याने परत करायचं. नवरा तसं करतो. पुढची बाई मागे वळून हसते. भाषा कळलेली नाही, प्रसंग कळला आहे.

गेल्या वीस वर्षांत इथली सरासरी वेळ वाढत, म्हणजे धाव मंदावत गेली. आयोजक त्याचा आनंदच मानतात. चालणारेही यायला लागले, असा त्याचा अर्थ.

तासाभराने खांब, फलक गाडीत जातात. कॅफेतल्या टेबलावर टोकनांचा ढीग पडतो. चौघं-पाच जण ती क्रमवार लावायला बसतात. 412 सापडत नाही. टेबलाखाली पाहून होतं, पिशवी उलटी करून होते. कुणाच्या तरी खिशातून घरी गेलेलं दिसतंय. ‘शनिवारी येईल परत,’ एक जण म्हणतो आणि आणखी एक चहा सांगतो.